म्हातारीच्या गावाला जायचं राहिलं

भिवा, काल तुझं बारावं झालं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, तांदळाची खीर, काही म्हणून कमी पडलं नाही. माणसं अशी तुटून पडली होती की तू मेलास ते बरंच केलंस असं एखाद्याला वाटावं. मीही पानावर बसलो. समोरच्या रांगेत तुझा चुलतभाऊ तातू. त्याने तीनदा खीर मागून घेतली, बोटं चाटली, ढेकर दिली आणि मग त्याला तुझी आठवण झाली. "बरो माणूस होतो भिवा. ग्रीसाक जावचा तेवढा रवला तेचा!" अख्खी पंगत खो खो हसली. हसता हसता दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या बेतात तुझा भागीदार मी. शी! पान तसंच टाकून उठलो.

मला किळस लवकर येते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तांब्या तीनदा विसळल्याशिवाय मी पाणी पीत नाही, दुसऱ्याच्या पंच्याला हात लावत नाही, कुणी जवळ येऊन खोकलं तर दोन पावलं मागे सरतो. तू मला चिडवायचास, "मास्तर, तुका देवान माणूस केल्यान ती चूक झाली. तुका कापूर करूक होयो होतो." पण काल आली ती किळस ताटाची नव्हती आणि तातूची तर नव्हतीच. तातू कालही तसाच होता आणि उद्याही तसाच असणार. ती कशाची होती ते सांगायला हे लिहितोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. जिवंत असतानाही माझं अक्षर वाचत नव्हतास, कोंबडीचे पाय म्हणायचास.

तुझ्या त्या बेटाबद्दल गावाला जे ठाऊक आहे ते सगळं घाणेरडं आहे. भिवा जहाजावर होता, जहाज ग्रीसच्या कुठल्याशा बेटाला लागलं, तिथे त्याने बाई ठेवली आणि आता उतारवयात तिच्याकडे जायला तडफडतोय. हे तातूनेच पसरवलं. तुझ्या कानावर यायचं आणि तू हसायचास. "सांगान दी रे. तेंची तेवढीच करमणूक." मी मात्र तणतणायचो. तू कुणावर चिडत नव्हतास, हा तुझा फार मोठा दुर्गुण होता. लोक काल तुझ्या चांगुलपणाचे गोडवे गात होते तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, हा चांगुलपणा जवळून बघा, मग बोला.

खरं काय घडलं ते तू मला एकदाच सांगितलंस, माझ्या पडवीत. मालवाहू जहाजावर तू आगवाला होतास, भट्टीत कोळसा मारायचास. वाटेत तुला हगवण लागली, ताप चढला, अंगातलं पाणी वरून खालून जायला लागलं. तुझ्याच सोबत्यांनी नाकाला फडकी बांधली आणि पटकी, पटकी म्हणून ओरड केली. कप्तानाने एक बेट गाठलं, होडी सोडली आणि तुला किनाऱ्यावर ठेवून जहाज चालतं झालं. गाव कसलं, वीस-पंचवीस पांढरी घरं, समोर शांत पाणी, दोरीवर सुकत घातलेली मासळी. तिथली माणसंही आधी लांबूनच बघत राहिली. मग काळे कपडे घातलेली एक म्हातारी विधवा गाढव घेऊन आली. तुला तिने गाढवावर घातलं आणि स्वतःच्या घरी नेलं. चाळीस दिवस तू तिच्याकडे होतास. तिची भाषा तुला येत नव्हती, तुझी तिला येत नव्हती. तू तिला आवय म्हणायचास, पोटच्या पोराने आईला म्हणावं तसं.

"मास्तर," तू म्हणालास, "न्हान पोराक धुततत तसा तिना माका धुतल्यान. हातान. रोज. एकदा म्हणान तोंड वाकडा केल्यान नाय. मी लाजेन रडतंय, तर ती काय करी, म्हायत आसा..."

आणि मी हात वर केला. म्हणालो, "पुरे भिवा. मला अजून जेवायचंय."

ती काय करायची ते मला कधी कळलं नाही, कारण नंतर तू तो विषय माझ्यापुढे पुन्हा काढला नाहीस. एवढंच म्हणालास की तिला मूलबाळ नाही, ती आता थकली असेल, तिचं कोण करत असेल देव जाणे. "मरायच्या आधी महिनोभर तरी तिची सेवा करूक होयी. तिच्या, नाय तर माझ्या." मी म्हटलं, मग जाऊ की. त्यात काय! आपण दोघे जाऊ.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला आपला बेत. बारा वर्षं चालला. दिवेलागणीला तू यायचास, मी शाळेतून आणलेला जुना ॲटलास उघडायचो आणि आपण ग्रीसच्या पानावर बसायचो. समुद्रात कुणी चुरमुरे सांडावेत तशी ती बेटं. तुझ्या बेटाचं नाव तुला धड सांगता यायचं नाही, दर वेळी नवीनच काहीतरी निघायचं. शेवटी भिंग लावून आपण एक ठिपका ठरवला, कारण तुझ्या मते बेटाचा आकार सुक्या बांगड्यासारखा होता आणि तो ठिपका बांगड्याच्या जवळपास जात होता. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "मास्तर, माका वाटता ह्या नाय, त्याच्या बाजूचा." मी म्हटलं, आता शाईने खूण केलीय, हेच.

वही मी घातली होती. मालवणातून आगबोटीने मुंबई, मुंबईहून जहाज, एडन, सुएझचा कालवा, मग ग्रीसचं मोठं बंदर आणि तिथून जी मिळेल ती होडी. महिना कुठला धरायचा यावरून दोन वर्षं गेली. तू म्हणायचास, जून बरा. मी म्हणायचो, वेडा की खुळा, जूनमध्ये पावसात समुद्र ओलांडतात का? तू सांगायचास की तिकडे जूनमध्ये पाऊस नसतो, आकाश कोरडं ठणठणीत. आणि मी, जो देवगडच्या पलीकडे गेलो नव्हतो, तुला सांगायचो की असं होणं शक्य नाही.

भरती-ओहोटीवरून तर आपण चार दिवस बोलत नव्हतो, आठवतं? तू म्हणालास त्या गावच्या समुद्राला भरती-ओहोटी नाही. मला इतका राग आला! मी पोरांना वीस वर्षं चंद्र आणि भरती शिकवत होतो. मी खडूने पडवीच्या जमिनीवर पृथ्वी काढली, चंद्र काढला, तुला समजावलं. तू शांतपणे बघितलंस आणि म्हणालास, "चंद्र तुझ्या पुस्तकात असात. मी चाळीस दिस खिडकीतसून पाणी बघलंय. एक वीत हलला नाय." नंतर मालवणच्या एका जुन्या कप्तानाने मला सांगितलं की भिवा म्हणतो ते बरोबर आहे, त्या समुद्रात भरती जाणवण्याइतकी चढतच नाही. मी तुला ते कधी सांगितलं नाही. आज सांगतो. तू बरोबर होतास. घे.

आणि ते लुगडं! म्हातारीला न्यायला काय घ्यायचं म्हणून जानकीवयनीने, तुझ्या बायकोने, दोन दिवस डोकं खाल्लं. हिरवं नको, ती विधवा. पांढरं नको, ती कुठे आपल्यातली. तू म्हणालास ती काळ्याशिवाय काही नेसत नाही. मग आपण तिघे सावंतवाडीला गेलो आणि तू दुकानदाराला सांगितलंस, "म्हातारेक काळा लुगडा दाखव." त्याने तुझ्याकडे असं पाहिलं की जणू तू कुणाचा काटाच काढायला निघालायस. शेवटी काळी चंद्रकळा घेतली. वयनी वाटभर पुटपुटत होती, "काळा कोण कोणाक देता गो बाये!" मोटारीत तू झोपलास आणि लुगड्याचं पुडकं मी मांडीवर धरून बसलो. खरं सांगतो, मी तेव्हा सुखी होतो. बायको गेल्यानंतर मला तसं वाटलेला तो पहिला दिवस.

हे तुला कळत होतं का रे? माझी बायको गेली तेव्हा आठ दिवस तू सकाळी पेज घेऊन यायचास. बोलायचास काही नाही. पेज ठेवायचास, मी जेवलो की नाही ते बघायचास आणि भांडं घेऊन जायचास. इतर लोक येऊन मला गीता सांगत होते. मला मूल नाही, भाऊ नाही. शाळा सुटली की संध्याकाळ माझ्या अंगावर यायची. आपला बेत सुरू झाला आणि मला संध्याकाळ मिळाली. तुझ्यासाठी तो म्हातारीकडे जाण्याचा रस्ता होता. माझ्यासाठी तो रस्ताच गाव होता. मला कुठे जायचंच नव्हतं, भिवा. उंटावरून शेळ्या हाकायला मिळाल्या, मी खूष होतो.

मग तुझ्या जुन्या सारंगाचा, जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाचा, निरोप आला. ग्रीसला जाणाऱ्या जहाजावर एक जागा होती, इंजिनात तेल घालायची, कोळसा मारायचा नाही. त्याने शब्द टाकला होता. बंदरात जहाज महिनाभर दुरुस्तीला थांबणार होतं. तेवढ्यात तू बेटावर जाऊन येऊ शकत होतास. एक जागा. एकाची. तू धावत आलास, धाप लागली होती, खोकत होतास, आणि तोंड असं फुललेलं की मी तुला तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. "मास्तर, जावक गावता! तू मागसून ये." मागसून ये! मी हसलो. अभिनंदन केलं.

समुद्रावर जाणाऱ्याने देवीचा कौल घेतल्याशिवाय पाय उचलायचा नाही, ही आपल्याकडची रीत. तू कौल मानत होतास अशातलाही भाग नाही, पण वयनी हटून बसली. "देवी जा म्हणाली तर जावा. मगे मी रडूचंय नाय." तू कबूल झालास. आता गोष्ट अशी की कौल लावणाऱ्या राघो गुरवाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गाऱ्हाणं तो तोंडपाठ घालायचा, पण पाषाणावरची कुठली पाकळी पडली ते त्याला दिसायचं नाही. बघायला शेजारी माणूस लागायचा. कोण उभं राहणार? तुझे भाऊबंद उभे राहिले तर खोटं सांगतील, अशी वयनीला भीती. आणि मग तिनेच माझं नाव काढलं. "मास्तरांका उभे करा. ते देवाक मानणत नाय. तेंका खोटा बोलान काय गावतला?" सगळ्यांना पटलं. राघोलाही पटलं. काय हे तर्कशास्त्र! ज्याला देवाची भीती नाही तोच खरं बोलणार. असली चूक आपल्या गावातच होऊ शकते.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. मागे तू आणि वयनी. राघोने पाषाणाच्या उजव्या अंगाला एक ओली पाकळी चिकटवली, डाव्या अंगाला एक. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर राहा. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "आई माउली, तुझो लेकरू भिवा दर्यापार जावक बघता, तेका जो काय तुझो हुकूम आसात तो दी गो बाये..." आणि तुम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणत होतात. बराच वेळ काही झालं नाही. समईचा उजेड चांगला होता. मी बघत होतो.

उजवी पडली. सरळ, स्वच्छ, खाली घसरून पडली.

राघोने मान वळवली. "मास्तरानू, खंयची?"

मी म्हणालो, "डावी."

राघोने ओल्या फडक्याने पाषाण पुसला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. झालं. मी मागे वळलो तेव्हा तू देवीला हात जोडून उभा होतास. "बरां तर," म्हणालास, आणि चपला घातल्यास. मी घरी येऊन तीनदा हात धुतले. हाताने काही केलंच नव्हतं, तोंडाने केलं होतं, पण तोंड किती वेळा धुणार?

स्वतःला काय सांगितलं ते ऐक. सांगितलं की भिवा खोकतो, त्याच्या छातीत कोळसा आहे, इंजिनाच्या धगीत तो मरेल, मी त्याचा जीव वाचवला. किती छान कारण! पण तुझ्या खोकल्याची मला काळजी असती तर मी सरळ तुला सांगितलं असतं, भांडलो असतो. मला काळजी होती ती माझ्या पडवीची. तू गेला असतास तर ती संध्याकाळ पुन्हा माझ्या अंगावर आली असती. आणि तू परत आला असतास तरी काय? जाऊन आलेल्या माणसाशी जायचा बेत कसा करणार? जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

याहून ओंगळ पुढे आहे. सारंगाला तू नाही म्हणून कळवलंस. आणि चार दिवसांनी दिवेलागणीला पुन्हा आलास! ॲटलास काढलास. म्हणालास, "मास्तर, फुडल्या जूनाक बघूया काय?" त्यानंतर पाच वर्षं तू येत राहिलास. दर वर्षी कधीतरी विचारायचास, आणि मी, आयुष्यभर त्या देवीला शेंदूर फासलेला दगड म्हणणारा मी, तुला गंभीर तोंडाने सांगायचो, "देवीने नको म्हटलंय ना रे. पुन्हा कौल लावून बघू कधीतरी." तू मान हलवायचास. थू माझ्या तोंडावर!

मग तुझं दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं गेली. तू ओसरीवरच्या बाजेवर पडलास, आणि उशाशी राख घातलेली नारळाची करवंटी, थुंकायला. मी रोज यायचो. दारातल्या बाकावर बसायचो, बाजेपासून आठ हात लांब, नाकाशी रुमाल. ॲटलास घेऊन यायचो आणि तिथूनच मोठ्याने वाचायचो. तुला खोकल्याची उबळ आली की मी पान बदलायचो आणि बाहेर माडांकडे बघायचो.

त्या मंगळवारी वयनी विहिरीवर गेली होती. तुला उबळ आली आणि थांबेना. तू हाताने करवंटी चाचपलीस, ती लांब सरकली होती. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बोट केलंस. चार पावलांचं काम. मी उठलो, जवळ गेलो, करवंटीत पाहिलं. लाल-काळं, दोऱ्या दोऱ्या. मला ओकारी आली. मी मागे फिरलो आणि अंगणात जाऊन ओरडलो, "वयनी! वयनी, लवकर ये!" परत येईपर्यंत तू स्वतःच वाकून ती ओढली होतीस. अर्धं तुझ्या गोधडीवर सांडलं होतं. तू पुन्हा पडलास, डोळे मिटलेस, आणि श्वास लागल्यावर म्हणालास, "रव दे मास्तर. तुका जमाचा नाय." रागाने नाही. मी एखादं अवघड गणित सोडवू शकलो नाही, अशा आवाजात.

त्यानंतर सहा दिवसांनी तू गेलास.

काल पंगत उठल्यावर मी मागीलदारी गेलो. वयनी तिथे एकटी बसली होती, कपाळ मोकळं, समोर तिच्या वाटणीचं पान तसंच. मला वाटलं, आता सांगून टाकावं. देव नाही, भिवा नाही, निदान हिला तरी. म्हटलं, "वयनी, एक सांगायचंय. तो कौल..."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उजवी पडली होती."

मी पायरीवर बसलो.

"मी तुमच्या मागेच होतंय मां मास्तरानू. माका दिसली." ती सांगत होती, अगदी साधेपणाने. "मी पण गप रवलंय. माका पण ते जावक नको होते. तुमी बोललात, मी गप रवलंय, सारखाच पाप. पण घराक जाताना माझ्यान रावला नाय. शेताच्या बांधार तेंका सांगलंय."

"मग? काय म्हणाला तो?"

"उबे रवले. वायच हसले. म्हणाले, मास्तर एकटो आसा. मी गेलंय तर तो सांजचो खंय जातलो? आणि माका शपथ घातल्यानी, कोणाक बोलाचा नाय म्हणान."

भिवा, तू सगळं जाणून होतास! पाच वर्षं. पाच वर्षं तू दिवेलागणीला येऊन मला विचारत होतास, फुडल्या जूनाक बघूया काय, आणि मी देवीच्या नावाने थाप मारताना तू माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होतास. मला वाटायचं, मी तुला फसवतोय. तू माझी कीव करत होतास. अरे, कीव करायला मी भिकारी होतो का? होतो. पण ते मला तू सांगायला हवं होतंस. एकदा, फक्त एकदा माझ्या पडवीत पाय आपटत येऊन आईमाईवरून शिव्या घालायला हव्या होत्यास. "मेल्या मास्तरा, शिरा पडो तुझ्या तोंडार," म्हणायला हवं होतंस. मी रडलो असतो, पाया पडलो असतो, तुला ओढत पुन्हा राघोकडे नेलं असतं. सारंगाकडे गेलो असतो. तू गेला असतास!

लोक मेलेल्या माणसाची क्षमा मागतात. मी नाही मागणार. मला तुझाच राग आलाय. तुझ्या चांगुलपणाची मला काल त्या पायरीवर बसल्या बसल्या शिसारी आली. तू कुणाच्या जिवावर एवढा उदार झालास? तो महिना तुझा नव्हता. तो त्या म्हातारीचा होता. जिने तुझं सगळं हाताने काढलं तिच्यासाठी तू राखून ठेवलेली सेवा, ती तू कुणाला दिलीस? ज्याला तुझी करवंटी चार बोटं पुढे सरकवता आली नाही त्याला. काय व्यवहार केलास हा! तिच्या म्हातारपणात तिला कुणी पाणी पाजलं का, ती पडली तर कुणी उचललं का, तिने कधी खिडकीतून बघताना तुझी आठवण काढली का, यातलं काही तुला कळलं नाही. मी तुला जाऊ दिलं नाही आणि तू गप्प राहून मला ते निस्तरू दिलं नाहीस. आपण दोघांनी मिळून तिला टाकलं.

आणि तरीही, लाज वाटते सांगायला, काल संध्याकाळी दिवा लावल्यावर मी पडवीत दोन पाट मांडले. मग एक उचलून ठेवला. बारा वर्षं तू माझ्याकडे आलास, त्यातली पाच तर सगळं जाणून आलास. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. उपकार मानावेत तर तोंडात शेण आल्यासारखं वाटतं, न मानावेत तर मी तातूपेक्षाही खालचा.

आज सकाळी ठरवलं, निदान तिला कळवायचं. इंग्रजी मला येतं. गावात चर्च आहे, तू सांगायचास. तिथला पाद्री वाचून दाखवील. ती हयात नसेल तर तिच्या थडग्यापाशी जाऊन वाचील. दोन कागद घेतले. भिवा मार्गशीर्षात वारला, तो तुझ्याकडे यायला निघाला होता, त्याला मी अडवलं, मी एकट्याने अडवलं, हे सगळं लिहायचं मनात जुळवलं. गावाचं नाव नाही तर नाही, आपण खूण केलेल्या ठिपक्याचं नाव घालीन, बाजूच्या सगळ्या बेटांना एकेक पत्र टाकीन. आणि वर मायना लिहायला टाक उचलला.

मग उठून तुझ्या घरी गेलो. वयनीला विचारलं. "ते आवयच म्हणत," ती म्हणाली. "माका वाटला, तुमका म्हायत असात. रोज तुमच्याशीच तर बोलत."

घरी आलो. कागद समोर आहे. बारा वर्षं आपण तिच्याकडे जायचा बेत केला, भिवा. तिचं नाव मी तुला एकदाही विचारलं नाही.